क्लोरोप्लॅटिनिक आम्ल कसे हाताळावे

प्लॅटिनमची बहुतेक रसायने क्लोरोप्लॅटिनिक आम्लापासून सुरू होतात. धातू आम्लराजात (तीव्र हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवला की हेच हाती येते. उत्प्रेरक, काळे प्लॅटिनम चढवलेले इलेक्ट्रोड, सिलिकोन रबर पक्के करणारी प्लॅटिनम संयुगे, पाण्याचा रंग मोजायची प्रमाणित द्रावणे या सगळ्यांचा माग काढत गेले की शेवटी ही नारिंगी-तांबूस स्फटिकांची कुपी सापडते. काम अवघड नाही. पण या स्फटिकांची धूळ श्वासात जाणे हा खरा धोका आहे, म्हणून पुढची सगळी रीत एकाच नियमावर उभी आहे: कुपी उघडली की ती सगळीच्या सगळी द्रावणात उतरवायची आणि त्यानंतर कोरड्या भुकटीला हात लावायचा नाही.

ओळख

बाजारात मिळते ते सहा रेणू पाणी धरलेले रूप. त्याचा रेणुभार ५१७.९ आणि त्यात हिशेबाने ३७.७ टक्के प्लॅटिनम. मात्र कुपीवरचा आकडा ३७.५ पासून ४० पर्यंत काहीही असू शकतो, कारण स्फटिकातले पाणी कमी-जास्त होते. हिशेब नेहमी कुपीसोबतच्या प्रमाणपत्रातल्या प्लॅटिनम टक्केवारीवरून करा, रेणुसूत्रावरून नको. इथेच बहुतेकांची पहिली चूक होते आणि पुढचे सगळे आकडे चार-पाच टक्क्यांनी सरकतात.

स्फटिक हवेतले पाणी इतक्या वेगाने ओढतात की उघड्या तराजूवर वजनाचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. काही वेळात कडा ओलसर होतात, नंतर चिकट लगदा होतो. वितळणबिंदू सुमारे ६० °से. आहे, त्यामुळे ओव्हनमध्ये 'सुकवून घेऊ' हा विचार सोडून द्या. पाण्यात, अल्कोहोलमध्ये आणि ॲसिटोनमध्ये ते सहज विरघळते. तापवत नेले तर आधी पाणी आणि हायड्रोजन क्लोराईड सुटतात, मग क्लोरीन निघत प्लॅटिनमची क्लोराईडे बनतात आणि ५०० °से.च्या पुढे करडा धातू उरतो.

द्रावणात प्लॅटिनमभोवती सहा क्लोराईड अष्टफलकाच्या टोकांवर बसलेले असतात आणि साऱ्या आयनावर दोन ऋण प्रभार असतो. फार विरल, आम्ल कमी असलेल्या द्रावणात, त्यातही उजेडात, यातल्या एखाद्या क्लोराईडची जागा पाणी घेते. रंग थोडाच बदलतो, पण वागणूक बदलते. यावर उपाय म्हणजे द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल ठेवणे आणि बाटली गडद काचेची वापरणे. विरल करून ठेवायचे असेल तेव्हा साध्या पाण्याने नाही, आम्लानेच करा.

धोका नेमका कुठे आहे

हे आम्ल आहे, त्वचा आणि डोळे भाजते, गिळले तर विषारी आहे. पण असे गुण प्रयोगशाळेतल्या पुष्कळ रसायनांत असतात. वेगळेपण आहे ते ॲलर्जीत. १९११ मध्ये शिकागोतल्या छायाचित्र कारागिरांत प्लॅटिनमच्या क्षारामुळे शिंका आणि धाप लागत असल्याची नोंद झाली. १९४५ मध्ये ब्रिटनमधल्या प्लॅटिनम शुद्धीकरण कारखान्यांतल्या ९१ कामगारांची तपासणी झाली, तेव्हा ५२ जणांना असा त्रास होता. कारण हे, की क्लोराईड धरलेला प्लॅटिनम शरीरातल्या प्रथिनांना चिकटतो आणि शरीर त्या जोडगोळीला परके समजून प्रतिपिंडे तयार करते. एकदा ती तयार झाली की अगदी नगण्य कणही दम्याचा झटका आणू शकतो, आणि मग त्या व्यक्तीला हे काम कायमचे सोडावे लागते.

विद्राव्य प्लॅटिनम क्षारांसाठी कामाच्या जागेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ०.००२ मिलिग्रॅम प्लॅटिनम इतकी आहे. हा आकडा डोळ्यांसमोर आणून पाहा. एका पाळीत माणूस साधारण १० घनमीटर हवा घेतो, म्हणजे दिवसाची मर्यादा झाली ०.०२ मिलिग्रॅम प्लॅटिनम. तेवढे प्लॅटिनम या आम्लाच्या ज्या कणात मावते, त्याची बाजू मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असते. स्पॅच्युलाच्या टोकावरून उडालेला असा कण सहज लक्षातही येत नाही.

लक्षणे पहिल्या दिवशी येत नाहीत. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, नाक वाहणे, एकामागून एक शिंका, डोळ्यांतून पाणी, छातीत घट्टपणा, मनगटावर खाज अशी सुरुवात होते. कधी कधी त्रास काम संपल्यावर रात्री होतो, म्हणून त्याचा संबंध कामाशी जोडला जात नाही. सुट्टीत बरे वाटते आणि कामावर परतले की पुन्हा सुरू होते, ही खूण लक्षात ठेवा आणि वेळ न घालवता व्यावसायिक आरोग्याच्या डॉक्टरांकडे जा. ज्यांना आधीच दमा आहे त्यांनी हे काम हाती घेण्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा. धूम्रपान करणाऱ्यांत ही ॲलर्जी अधिक प्रमाणात आढळते.

प्लॅटिनम धातूला हा दोष नाही. चारही जागांवर अमोनिया बसलेला टेट्राअमाइन प्लॅटिनम क्षारही या बाबतीत खूपच सौम्य आहे. ज्या कामात तो चालतो तिथे तोच घ्यावा. त्याबद्दल पुढे येईलच.

कुपी उघडणे आणि साठा द्रावण

एक ग्रॅमची कुपी धरून चालू. लागणाऱ्या वस्तू: २० मिलिलीटरचा मोजफ्लास्क, प्लॅस्टिकची ड्रॉपर-नळी, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल (३७ टक्क्यांचे तीव्र आम्ल ०.८३ मिलि, पाण्याने १०० मिलि), पॉलिथिलीनचे छोटे फनेल, ओले टिश्यू, गडद काचेची बाटली आणि टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण. लोखंडी किंवा स्टीलची कोणतीही वस्तू नको. लोखंड, जस्त, ॲल्युमिनियम यांना हे द्रावण लागताच त्यांच्यावर काळे प्लॅटिनम बसते, धातू खाल्ला जातो आणि द्रावणात लोह मिसळते. स्टीलची सुई लावलेली सिरिंजही याच कारणासाठी वर्ज्य.

फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) ओला टिश्यू पसरा. दोन जोड नायट्राईल हातमोजे घाला, बाहेरच्या जोडीवर ठिपका पडला की तो लगेच बदला. बंद कुपीचे वजन करून लिहून ठेवा. कुपी हलकेच आपटून झाकणाला चिकटलेले स्फटिक खाली आणा आणि मिनिटभर थांबा. मग झाकण उघडून स्फटिक न हलवता कुपीतच २ मिलि आम्ल भिंतीवरून सोडा. झाकण लावा, गोल फिरवा. दोन-तीन मिनिटांत गडद नारिंगी द्रावण होते. ते फ्लास्कमध्ये ओता आणि कुपी, झाकण, फनेल प्रत्येक वेळी २–३ मिलि आम्लाने चार-पाचदा धुऊन धुवण फ्लास्कमध्येच घ्या. खुणेपर्यंत भरा. रिकामी कुपी झाकणासकट सुकवून पुन्हा तोला. दोन वजनांमधला फरक हे तुमचे खरे वजन. यात कोरडा स्फटिक एकदाही उघड्यावर चमच्यात आला नाही, आणि हवेतल्या ओलाव्याने वजन फसवण्याची संधीही गेली.

समजा फरक १.००० ग्रॅम आला आणि प्रमाणपत्रावर ३८.० टक्के आहे. मग २० मिलित ३८० मिलिग्रॅम प्लॅटिनम, म्हणजे दर मिलिलीटरला १९.० मिलिग्रॅम, जवळपास ०.१ मोलर. बाटलीवर नाव, दर मिलितले प्लॅटिनम, आम्लाची तीव्रता, तारीख आणि 'श्वसनाची ॲलर्जी करते' हे शब्द लिहा. बाटली प्लॅस्टिकच्या दुसऱ्या डब्यात, धातूच्या कपाटापासून दूर ठेवा, कारण झाकणातून झिरपणारी आम्लाची वाफ बिजागऱ्या आणि खिळे गंजवते.

साठा बिघडला की तो दोन प्रकारे सांगतो. तळाशी काळी भुकटी दिसली तर कुठून तरी सेंद्रिय पदार्थ, धूळ किंवा धातू आत गेला आहे आणि प्लॅटिनमचे क्षपण झाले आहे. पिवळे बारीक स्फटिक दिसले तर पोटॅशियम किंवा अमोनियम शिरले आहे. या दोघांचे प्लॅटिनम क्षार थंड पाण्यात १०० मिलिला जेमतेम एखादा ग्रॅम विरघळतात, तर सोडियमचा क्षार मात्र सहज विरघळतो. त्याच हूडमध्ये अमोनियाची बाटली उघडी असली तरी एवढे पुरते. आणखी एक चूक फार होते: या द्रावणात पीएच मीटरचा इलेक्ट्रोड बुडवणे. इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराईड झिरपते, सांध्यावर पिवळे स्फटिक धरतात, मीटर भरकटतो आणि द्रावणही नासते. पीएच पाहायचाच असेल तर कागदी पट्टीवर एक थेंब टाका.

इलेक्ट्रोडवर काळे प्लॅटिनम चढवणे

वाहकतामापीच्या पट्ट्या आणि हायड्रोजन इलेक्ट्रोड यांना खडबडीत काळा थर हवा असतो, कारण खऱ्या पृष्ठभागाचे क्षेत्र शेकडो पटींनी वाढले की ध्रुवीकरण घटते. नावाजलेली कृती ३.५ टक्के क्लोरोप्लॅटिनिक आम्ल आणि ०.००५ टक्के लेड ॲसिटेटची आहे. वरच्या साठ्यातून ती अशी होते: साठा १४ मिलि, लेड ॲसिटेटचे मिलिला १ मिलिग्रॅम असे द्रावण १ मिलि, पाणी ५ मिलि. शिसे इतके कमी असूनही त्याच्याविना थर चकचकीत करडा येतो. मात्र उत्प्रेरक म्हणून वापरायच्या इलेक्ट्रोडवर शिशाचा अंश नडतो, तिथे ते वगळून पातळ थरावर समाधान मानावे.

आधी इलेक्ट्रोड कोमट ५० टक्के नायट्रिक आम्लात बुडवून धुवा. मग विरल सल्फ्युरिक आम्लात त्याला ऋणाग्र करून काही मिनिटे हायड्रोजन सोडा. बुडबुडे सगळीकडून सारखे येत असतील तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. एखादी जागा गप्प असेल तर तिथे तेलकटपणा आहे. पुन्हा धुवा, कारण तिथे थर धरणारच नाही.

आता वरच्या द्रावणात ऋणाग्र म्हणून इलेक्ट्रोड, धनाग्र म्हणून प्लॅटिनमची तार. विद्युतप्रवाह दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिअँपिअर, वेळ ५ ते १० मिनिटे, द्रावण हलकेच ढवळत. धनाग्रावर क्लोरीन सुटतो, म्हणून हे काम हूडमध्येच. एक चौरस सेंटिमीटरवर दहा मिनिटांत १८ कूलोम जातात; प्रत्येक प्लॅटिनमला चार इलेक्ट्रॉन लागतात या हिशेबाने फार तर ९ मिलिग्रॅम धातू बसतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. वाहकतामापीच्या दोन्ही पट्ट्यांवर चढवायचे असेल तर प्रवाह १० मिलिअँपिअरवर आणा, दर मिनिटाला ध्रुव उलटवा आणि मखमली करडा-काळा रंग येताच थांबा. जाड थर आयन धरून ठेवतो, मग मापन स्थिरावायला वेळ लागतो.

थर बोटाने पुसला जाण्याइतका भुसभुशीत झाला तर प्रवाह जास्त होता किंवा वेळ. झाल्यावर पाण्याने धुवा, विरल सल्फ्युरिक आम्लात पुन्हा थोडा वेळ ऋणाग्र ठेवून अडकलेला क्लोरीन काढा आणि इलेक्ट्रोड कायम शुद्ध पाण्यात बुडवून ठेवा. सुकला की थराची क्रिया उतरते. कागदाने किंवा कापडाने पुसू नका.

आधारावरचा उत्प्रेरक

ॲल्युमिनावर १ टक्का प्लॅटिनम हवे आहे असे समजू. १० ग्रॅम गॅमा ॲल्युमिना १२० °से.वर दोन तास सुकवा. एका ग्रॅमवर थेंबथेंब पाणी टाकून, तो नुकताच ओलसर होऊन गोळा धरू लागेपर्यंत किती लागले ते मोजा. ०.६ मिलि आले तर १० ग्रॅमला ६ मिलि. हवे असलेले प्लॅटिनम १०१ मिलिग्रॅम, म्हणजे साठा ५.३ मिलि आणि पाणी ०.७ मिलि. हे द्रावण ढवळत ढवळत थेंबांनी टाका, झाकून एक तास ठेवा, ११० °से.वर रात्रभर सुकवा. मग वाहत्या हवेत मिनिटाला २–५ अंश चढवत ४०० °से.वर दोन-तीन तास. शेवटी नायट्रोजनमधल्या ५ टक्के हायड्रोजनमध्ये ३००–४०० °से.वर दोन तास क्षपण. भट्टीतून निघणारा वायू अल्कलीच्या धुलाई-बाटलीतून सोडा, कारण त्यात हायड्रोजन क्लोराईड असतो.

ॲल्युमिनाचा पृष्ठभाग आम्लात धन प्रभाराचा होतो, म्हणून ऋण प्लॅटिनम आयन त्याला घट्ट धरतो. गोळ्या मोठ्या असतील तर तो कडेलाच अडकतो आणि आतला भाग कोरा राहतो. द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल वाढवले की क्लोराईड त्या जागांसाठी स्पर्धा करतो आणि प्लॅटिनम आतपर्यंत पोचतो. सिलिकावर मात्र हे आम्ल बसतच नाही. सुकताना प्लॅटिनम पाण्याबरोबर सरकून ढेकळे होतात. तिथे टेट्राअमाइन प्लॅटिनमचा धन आयन, थोड्या अल्कधर्मी द्रावणात, हा योग्य मार्ग आहे. तो श्वसनासाठीही बरा, म्हणून सिलिकाच्या कामात दुसरा विचारच करू नये.

ताजा क्षपण केलेला उत्प्रेरक आणि काळे प्लॅटिनम हवेत उघडे असताना त्यावर मिथेनॉल किंवा दुसरे ज्वलनशील द्रावक ओतू नका. वाफ आणि ऑक्सिजन प्लॅटिनमवर भेटतात आणि ठिणगीविना पेट घेतात. आधी नायट्रोजन, मग द्रावक, मग प्लॅटिनम हा क्रम पाळा. गाळणकागदावरचा थर सुकू देऊ नका.

सिलिकोनच्या कामात

आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवलेले हे आम्ल १९५७ पासून स्पायर उत्प्रेरक या नावाने ओळखले जाते. सिलिकॉन-हायड्रोजन बंध दुहेरी बंधावर जोडायला त्याचे दशलक्षात काही भागच पुरतात. क्रिया सुरू व्हायला वेळ लागतो आणि सुरू झाली की उष्णता एकदम सुटते. सगळा हायड्रोसिलेन (सिलिकॉन-हायड्रोजन बंध असलेले संयुग) एकाच वेळी टाकून तापवणे हा अपघाताचा हमखास रस्ता. थोडा भाग टाका, तापमान चढू लागलेले पाहा, मगच उरलेला सावकाश सोडा. भांडे बंद करू नका, कारण ओलावा असेल तर हायड्रोजन वायू सुटतो. गंधक, अमाइन, फॉस्फिन आणि कथिलाची संयुगे हा उत्प्रेरक मारतात. रबर चिकट राहिले तर आधी साचा आणि हातमोजे तपासा. लॅटेक्सच्या हातमोज्यातले गंधक एवढ्यासाठी पुरेसे असते.

पाण्याच्या रंगाचे प्रमाण

पोटॅशियम हेक्साक्लोरोप्लॅटिनेट १.२४६ ग्रॅम आणि कोबाल्ट क्लोराईड हेक्साहायड्रेट १.०० ग्रॅम, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिलि, पाण्याने एक लिटर: हे झाले रंगाच्या ५०० एककांचे प्रमाणित द्रावण. वर्षातून एखाद्या वेळीच लागत असेल तर तयार द्रावण विकत घ्या. इतक्या थोड्या कामासाठी कोरडा प्लॅटिनेट तोलण्याचा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

सांडले तर, आणि उरलेल्याचे काय

डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून पंधरा मिनिटे पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. त्वचेवरही तितकाच वेळ पाणी. गिळले असेल तर उलटी करवू नका. सांडलेले द्रावण ओल्या टिश्यूने टिपा, झाडू वापरू नका, सुकू देऊ नका. जागा स्वच्छ झाली का हे नजरेने कळत नाही, त्यासाठी कथिलाची कसोटी आहे: १० ग्रॅम स्टॅनस क्लोराईड, २५ मिलि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, पाण्याने १०० मिलि. ओल्या गाळणकागदाने टेबल पुसून त्यावर एक थेंब टाका. पिवळा ते तांबडा रंग आला तर प्लॅटिनम अजून आहे. हीच चाचणी आठवड्यातून एकदा तराजू, दाराची मूठ, लेखणी आणि वहीवर करावी. हातमोजे घालून वहीत लिहिण्याची सवय कितीजणांना आहे ते तेव्हा उघड होते.

धुवणाचा एक थेंबही मोरीत जाऊ नये. पाण्यातले धुवण एका बाटलीत, सेंद्रिय द्रावकातले दुसरीत. अल्कोहोल असलेले धुवण उकळून आटवले तर काळे प्लॅटिनम बनते आणि वाफ पेटू शकते. त्यात नायट्रिक आम्ल मिसळणे तर त्याहून वाईट.

पाण्यातले धुवण हूडमध्ये मंद आचेवर आटवा, मिलिला २० मिलिग्रॅमच्या आसपास प्लॅटिनम येईपर्यंत. हायड्रोक्लोरिक आम्ल असताना काही थेंब हायड्रोजन पेरॉक्साईड घालून तापवा, कारण दोन संयुजेचा प्लॅटिनम पुढच्या पायरीत खाली बसत नाही. मग अमोनियम क्लोराईड, १०० मिलिला ३० ग्रॅमच्या सुमाराने, आणि रात्रभर थंड ठेवा. पिवळा साका बसतो. १०० मिलिग्रॅम प्लॅटिनमचा साका सुमारे २२८ मिलिग्रॅम. वरच्या द्रावणावर कथिलाची कसोटी घ्या. अजून रंग येत असेल तर आणखी आटवा. साका पाण्याने धुतला तर तो थोडा विरघळून जातो, म्हणून थंड २० टक्के अमोनियम क्लोराईडनेच धुवा.

हा पिवळा साका सुकवू नका. कोरडा अमोनियम क्लोरोप्लॅटिनेट हा या साऱ्या कुटुंबातला सर्वांत त्रासदायक कण आहे. ओला असतानाच रुंद तोंडाच्या प्लॅस्टिक बरणीत घट्ट बंद करून, वर थोडे अमोनियम क्लोराईडचे द्रावण ठेवून, शुद्धीकरण करणाऱ्यांकडे पाठवा. त्यावर कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण घालून उकळण्याचा मोह कुणालाही होऊ नये, कारण त्यातून स्फोटक प्लॅटिनम संयुग तयार होऊ शकते. बरणीवर प्लॅटिनमचे अंदाजे वजन लिहा आणि तेच साठ्याच्या वहीत नोंदवा.